सातव्या कड्यावरचा खटला

"आरोपी डॉक्टर नलिनी बोरवणकर, हाजिर होऽऽ!"

लाल पट्टा बांधलेल्या माणसाने तिसऱ्यांदा पुकारा केला, तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर, पिंजऱ्यातच उभी होते. पिंजरा म्हणजे वर्तमानपत्रं वाचायची दोन लाकडी स्टँडं आणि त्यांच्यामध्ये ताणून बांधलेली सुतळी. सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या, आणि भिंतीला टेकून उभे असलेले आणखी तीसेक लोक.

"हाजिर आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला ओ! मागं ऐकू येत न्हाई!"

"हाजिर आहे."

गडहिंग्लजच्या त्या वाचनालयात दर वर्षी वर्धापनदिनाला अभिरूप न्यायालय भरत असे. एखाद्या पाहुण्याला बोलवायचं, त्याच्यावर लटके आरोप ठेवायचे, साक्षीदार उभे करायचे, हशा पिकवायचा, आणि शेवटी काहीतरी गमतीची शिक्षा ठोठावायची. आदल्या वर्षी एका गायकाला सभागृहातल्या प्रत्येकाच्या पसंतीची एकेक ओळ गायची शिक्षा झाली होती. प्रश्न आणि उत्तरं आधी लिहून दिलेली असत. आरोपीने शेवटी हात जोडून "शिक्षा शिरसावंद्य" म्हणायचं. त्याशिवाय आभारप्रदर्शन होत नसे आणि चहा-चिवडाही येत नसे.

न्यायाधीशांच्या खुर्चीत वकील शिंत्रे होते. सत्तरीचे, खरोखरच वकिली केलेले. त्यांनी आरोपपत्र वाचलं.

"आरोपीने 'सातव्या कड्याकडे' ही कादंबरी लिहून वाचकांना मृगा नावाच्या मुलीच्या नादी लावले. हेमखोऱ्यातला पडसाद हरवला आहे. धुक्यात एकमेकांना हाका घालून वाट काढणारे मेंढपाळ कड्यावरून कोसळत आहेत. तो पडसाद शोधायला मृगा निघाली आणि पहिला भाग संपला. वाचकांनी चार वर्षं कळ काढली. मग आरोपीने 'सातवा कडा' हा दुसरा भाग आणला. चारशे बारा पानं. मृगाने सहा कडे ओलांडले, तिची दोन बोटं थंडीने गेली, तिचं खेचर मेलं. ती सातव्या कड्यावर पोचली. आणि तिथे..." त्यांनी चष्मा खाली केला. "तिथे काय होतं, आरोपी?"

"काही नव्हतं."

"आणि मग तिने काय केलं?"

"नकाशा काढला, त्या जागेवर 'इथे नाही' असं लिहिलं आणि खाली उतरायला लागली."

"आणि?"

"कादंबरी संपली."

सभागृहात "अरेरेरे" झालं. काही जण हसले, पण सगळे नाही.

माझे प्रकाशक ओगले पहिल्या रांगेत बसले होते. मी हात जोडेपर्यंत ते मान वर करणार नव्हते, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. ओगले वाईट माणूस नव्हते. पहिला भाग तीन प्रकाशकांनी परत पाठवल्यावर त्यांनी तो एका आठवड्यात वाचून घेतला होता. दुसऱ्या भागावर वाचकांची एकशे त्रेसष्ट पत्रं आली. मी त्यांची वर्गवारी केली, तशी सवयच आहे. शेवट आवडला असं लिहिणारी पत्रं अकरा. त्यातली दोन माझ्या बहिणींची.

पुण्याहून येताना कराडला चहाला थांबलो, तेव्हा ओगले म्हणाले होते, "नलिनीताई, नवी आवृत्ती काढतो. फक्त शेवटचं प्रकरण बदला. पंधरा पानं. सापडू दे त्या पोरीला तो पडसाद. तुमचं काय जातं?"

"लोकांसमोर कबूल करायचं?"

"गमतीत हो! शिक्षाच ती ठेवलीय. नवा शेवट लिहिणे. तुम्ही शिरसावंद्य म्हणायचं, टाळ्या, मी उठून आवृत्ती जाहीर करतो. नाहीतर खरं सांगू? जुन्या शेवटानिशी मी पुन्हा छापू शकत नाही. दुकानदार पुस्तक हातात धरायला तयार नाहीत."

मी "बघते" म्हणाले. मी "बघते" म्हटल्यावर पुढे कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. ओगल्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी समाधानाने दुसरा चहा सांगितला.

पहिला साक्षीदार मारुती खोत, एसटीचा कंडक्टर. तो गणवेशातच आला होता.

"मी गडहिंग्लज-चंदगड गाडीवर हाय," तो म्हणाला. "शेवटचं पान नेसरीत वाचलं. नेसरीपासनं चंदगडपतोर कुणाशी अक्षर बोललो न्हाई. तिकिटंबी मुक्यानं दिली."

"गाडी चालू असताना वाचत होतास?" शिंत्र्यांनी विचारलं.

"थांब्यावर, सायेब, थांब्यावर!"

हशा झाला. हे लिहिलेलं होतं. पण पुढचं नव्हतं, कारण तो कागदाकडे न बघता माझ्याकडे वळला.

"बाई, त्या खेचराला तरी का मारलासा? काय उपयोग झाला त्याचा?"

माझ्या कागदावर याला उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "नाही झाला." त्याने मान हलवली आणि खाली उतरला.

मग सरकारी वकील उठल्या. शकुंतला चौगुले. बाजारपेठेत त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कुणाचातरी काळा कोट घातलेला आणि त्याच्या बाह्या स्वतःच आत दुमडून टाके घातलेले. दोन्ही भाग त्यांनी मशिनवर बसून वाचले होते म्हणे, आणि पहिला भाग तर तीनदा.

"आरोपी बाई," त्यांनी सुरुवात केली, "मी ब्लाऊज शिवायला घेतला आणि गिऱ्हाइकाला एक बाही लावून दिली, तर गिऱ्हाईक काय करंल?"

"परत आणेल."

"आणि मी म्हटलं, दुसरी बाही हितं न्हाई, तर?"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. मला लिहून दिलेलं उत्तर होतं, 'तर मी बिनबाह्यांची फॅशन आली असं सांगेन.' ते मी म्हणाले. त्यालाही हशा आला, पण शकुंतलाबाई हसल्या नाहीत.

"तुम्ही शिकलेल्या. शास्त्रातल्या डॉक्टर. काय करता तुम्ही?"

"पाण्याची तपासणी. प्रयोगशाळेत."

"म्हंजे मोजून-मापून बोलनाऱ्या. मग सांगा, ह्या पोरीनं एवढं केलं, त्याचं फळ काय? गावात जाऊन तोंड काय दाखवंल ती?"

"ते मी लिहिलं नाही."

"का न्हाई लिहिलं? दमला?"

"नाही."

"मग भ्याला?"

ओगल्यांनी मान वर केली. शिंत्रे पुढे झुकून हळूच म्हणाले, "शकूताई, कागदावरचं घ्या. पूर्वीच्या गुन्ह्याचं."

शकुंतलाबाईंनी नाइलाजाने कागद पाहिला. "हां. आरोपीच्या नावावर पूर्वीचा काही गुन्हा हाय का?"

हा विनोदाचा प्रश्न होता. दर वर्षी असायचा. माझं उत्तर टाइप केलेलं होतं: 'होय, लहानपणी आत्याच्या बरणीतला मोरावळा चोरला.' मी कागद डोळ्यांसमोर धरला. मोरावळा हा शब्द मला स्पष्ट दिसत होता. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"आहे," मी म्हणाले. "मी एकदा शेवट बदललाय."

लोक हसायला तयार होते. काही जण हसलेही.

"कुठल्या पुस्तकाचा?"

"पुस्तकाचा नाही. चौदा वर्षांपूर्वी मी एका संस्थेत संशोधन करत होते. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की पोरांचे दात पिवळे पडतात, पुढे हाडं वाकतात. एका रानझाडाच्या बियांचा कोळसा केला तर तो पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो का, हे मी बघत होते. स्वस्त होतं, गावात करता आलं असतं. सात विहिरींचं पाणी घेतलं. चार विहिरींत फरक पडला. तीन विहिरींत काहीच पडला नाही."

"मग?"

"चार वर्षं झाली होती. माझे मार्गदर्शक म्हणाले, त्या तीन विहिरींचे नमुने बिघडले असतील, वगळा. तुमचं काय जातं? मी तपासलं होतं, नमुने बिघडलेले नव्हते. पण मी 'बघते' म्हणाले. आणि वगळल्या."

आता कुणी हसत नव्हतं. मागचं कुणी "मोठ्यानं बोला"ही म्हणत नव्हतं. ओगले मला हाताने खुणा करत होते, आवरा, आवरा. शिंत्र्यांनी हातोडी उचलली आणि न आपटता पुन्हा ठेवली.

"निबंध छापून आला," मी म्हणाले. "शेवट गोड होता. कोळसा फ्लोराइड धरतो. मला डॉक्टरेट मिळाली. पाच वर्षांनी विदर्भातल्या एका मुलीचं पत्र आलं. सुमन आत्राम. तिने माझा निबंध वाचून तेच काम घेतलं होतं. तिच्या भागातल्या विहिरींसाठी. लिहिलं होतं, बाई, तीन वर्षं करतेय, मला तुमच्यासारखं येत नाही. माझं कुठे चुकतंय?"

"तुम्ही काय सांगितलासा तिला?" शकुंतलाबाईंचा आवाज बदलला होता. वकिली त्यातून गेली होती.

"मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. कोळशाचा दाणा आणखी बारीक करून पाहा."

"त्यानं झालं असतं?"

"नाही. ते मला माहीत होतं."

"आणि तिनं केला बारीक?"

"दीड वर्ष. मग दुसरं पत्र आलं. दाणा पिठासारखा केला, तरी येत नाही. माझ्या हातातच ते नसावं. मी हे काम सोडलं, एका शाळेत लागले आहे. तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी."

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे बी लिवलेलं हाय काय?"

शकुंतलाबाई माझ्या पिंजऱ्याजवळ आल्या. सुतळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हंजे तिला कुनी सांगितलंच न्हाई," त्या म्हणाल्या, "वर काय न्हाई म्हनून."

"नाही."

"आणि वर जाऊन आलेलं मानूस एकच हुतं. तुम्ही."

"हो."

मग त्या सभागृहाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तरीबी मला शेवट आवडलेला न्हाई."

हशाचा एवढा मोठा लोट आला की पट्टेवाला दचकला. मी म्हणाले, "न आवडू दे."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

"ती खाली उतरून दुसऱ्या डोंगराकडं गेली असंल, हे मला काय कळत न्हवतं वाटतं? कळलं. म्हनूनच राग आला! मी तिच्यासंगं कुठवर चालू? माझं गुडघं गेल्यात!"

"तुम्ही थांबला तरी चालेल, शकूताई. मी तिला थांबवणार नाही."

"बघा! कशी उलटून बोलतीय!" पण त्यांचे डोळे हसत होते का रागात होते, ते मला आजही ठरवता येत नाही.

शिंत्र्यांनी हातोडी आपटली. त्यांना आता कार्यक्रम कसाही करून कागदावर आणायचा होता. त्यांनी प्रथेप्रमाणे हात वर करायला सांगितलं. दोषी म्हणणारे? सभागृहभर हात वर झाले. मारुती खोताने दोन्ही हात वर केले. निर्दोष म्हणणारे? मी मोजले. नऊ.

"आरोपी बहुमताने दोषी," शिंत्रे म्हणाले. "शिक्षा अशी, की आरोपीने 'सातवा कडा'चा शेवट नव्याने लिहावा, त्यात मृगाला पडसाद सापडावा, आणि तो नव्या आवृत्तीत छापावा. आरोपीला शिक्षा मान्य?"

ओगले अर्धे उठले होते. एक हात खिशातल्या भाषणाच्या कागदावर. त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही विश्वास होता. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"अमान्य," मी म्हणाले.

"आं?" शिंत्रे म्हणाले.

"शिक्षा अमान्य आहे. दोषी ठरवलंत ते ठीक. तुम्हाला शेवट आवडला नाही, तो तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही मन लावून वाचलंत म्हणूनच तो आहे. पण कड्यावर काही नव्हतं. मी ते आहे असं लिहिणार नाही. तुम्ही दीडशे जणांनी हात वर केलेत तरी नाही."

"नलिनीताई," ओगले घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही गोष्ट आहे हो. कल्पनेतली गोष्ट. तिथे काय विहिरी आहेत?"

"माझी आहे ना? मग तिथे काय आहे आणि काय नाही, ते मीच सांगणार."

"मग मी छापणार नाही."

"नका छापू."

शिंत्रे गोंधळले होते. "आजवर कुणी अमान्य म्हटलेलं नाही," ते पट्टेवाल्याला म्हणाले, जणू नियम त्यालाच ठाऊक असावेत. "आता काय करायचं?"

"वरच्या कोर्टात अपील," मागून कुणीतरी ओरडलं.

"वरचं कोर्ट कुठलं?"

"आजरा!"

लोक हसायला लागले, खुर्च्या सरकायला लागल्या. ओगले तेवढ्यात मंचाकडे आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "वाचकहो, लेखिका जरा भावनेच्या भरात आहेत. आम्ही प्रकाशन संस्थेतर्फे आपल्या मागणीचा विचार करू. हवं तर शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणा अनुभवी लेखकाकडून..."

"ओ ओगलेसायेब!"

शकुंतलाबाई मंचावर चढल्या होत्या. त्यांनी काळा कोट काढून शिंत्र्यांच्या टेबलावर टाकला होता.

"माझं भांडान ह्या बाईसंगं हाय. तुमच्यासंगं न्हाई. मला तिचा शेवट आवडला न्हाई, तर ते मी तिला सांगीन, रोज पत्र घालून सांगीन. पर तिनं लिहिलेल्यातला एक शब्द दुसऱ्या कुनी उसवला, तर गाठ माझ्याशी हाय. ध्यानात ठेवा."

"तुम्हीच तर बदला म्हणत होता!"

"तिला म्हनत हुते! तिनं न्हाई म्हटलं. झालं."

ओगल्यांनी माइक खाली ठेवला. आभारप्रदर्शन झालंच नाही. चिवडा मात्र आला, कारण तो आधीच बशांत भरलेला होता. माझ्याशी बोलायला सतरा माणसं आली. त्यातल्या चौदा जणांनी शेवट कसा हवा होता ते मला सविस्तर सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मारुती खोताचं म्हणणं होतं की निदान खेचर तरी जगायला हवं होतं. त्यावर मी त्याला सांगितलं की त्या उंचीवर, तेवढ्या चाऱ्यावर ते जगलं नसतं. तो म्हणाला, "तुमचं गणित बरोबर असंल बाई, पर माझं मन मानत न्हाई." मी म्हणाले, ते मला मान्य आहे.

परतीच्या वाटेवर कराडला या वेळी थांबलो नाही. साताऱ्याच्या पुढे ओगले म्हणाले, "आवृत्ती निघणार नाही. मी मनापासून सांगतोय, रागाने नाही."

"मला समजतं."

"एवढं असेल तर मला आधीच सांगायचं ना ताई. मी काय परका आहे?"

मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही ते त्या सुतळीमागे उभं राहिल्यावरच सांगता आलं होतं, आणि तेसुद्धा एका मोरावळ्याच्या जागी.

'सातवा कडा' पुन्हा छापला गेला नाही. त्या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. वाचनालयांतल्या जुन्या प्रती फिरत असतात आणि अजूनही वर्षाला पाच-सहा पत्रं येतात. बहुतेक रागाची. शकुंतलाबाईंनी शब्द पाळला. रोज नाही, पण दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, त्यात मृगा आता कुठवर पोचली असेल आणि मी तिला उगाच कसं वाऱ्यावर सोडलं, याबद्दल चार ओळी असायच्याच. मी त्यांना उत्तर लिहायचे. शेवटाबद्दल कधी लिहिलं नाही.

गडहिंग्लजहून आल्यावर त्याच आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. एक तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला: माझ्या निबंधातून तीन विहिरी वगळल्या आहेत, त्या जाणूनबुजून वगळल्या आहेत, निष्कर्ष ग्राह्य धरू नये. त्यांनी ते शेवटच्या पानावर बारीक टायपात छापलं. माझ्या मार्गदर्शकांनी नंतर माझ्याशी बोलणं सोडलं. प्रयोगशाळेत माझी चौकशी झाली, मला बढती मिळायची होती ती मिळाली नाही. मी चौकशीत सगळं जसं होतं तसं सांगितलं. त्यांना माफीचा मजकूर हवा होता. मी घडलेलं लिहून दिलं, तो ठरावीक मजकूर दिला नाही.

दुसरं पत्र सुमन आत्राम यांना. त्यांच्या जुन्या पत्रात शाळेचं नाव होतं. मी सगळं लिहिलं, तारखांसह. पावणेदोन महिन्यांनी उत्तर आलं, रेघांच्या कागदावर, इतका जोर देऊन लिहिलेलं की पाठीमागून अक्षरं हाताला लागत होती.

'साडेचार वर्षं, बाई,' अशी त्याची सुरुवात होती. 'मी तुम्हाला माफ करत नाही. सात वर्षं मी वर्गात पोरींना सांगत आले की प्रयोग करायला हात चांगला लागतो आणि माझा नव्हता. माझ्या मोजणीच्या वह्या मी फेकल्या नाहीत. का नाही फेकल्या ते आता कळतंय. मी त्या छापणार आहे. चौदा विहिरी, सगळ्या. पहिल्याच परिच्छेदात तुमचं नाव येईल, आणि ते वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून जुनी फाइल काढली आणि कोरा कागद घेतला. 'अवश्य छापा,' असं मी लिहिलं, आणि सोबत त्या तीन विहिरींचे आकडे जोडले.